तांबडी, काळी आणि आप्पांची खुर्ची

७ सप्टेंबर, रविवार

ही वही म्हणजे दवाखान्यातलं उरलेलं स्टॉक रजिस्टर. प्रत्येक पानावर डावीकडे 'औषधाचे नाव' आणि उजवीकडे 'मुदत' छापलेलं आहे. मुदतीखाली मी आजच 'सोळा नोव्हेंबर' लिहून टाकलं. आता सुटका नाही.

झालं ते असं. सकाळी आप्पांना क्लबात सोडायला गेले होते. आप्पा म्हणजे माझे सासरे. निम्मं आयुष्य टाईपरायटर दुरुस्त करण्यात गेलं आणि निम्मं रायफल क्लबात लोकांना नेम शिकवण्यात. हॉलमध्ये नेमबाजांच्या टेबलांमागे, भिंतीला टेकून त्यांची लाकडी खुर्ची असते. चौतीस वर्षं ती तिथून हललेली नाही. आज सेक्रेटरींनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आप्पा, वय झालं आता. घरी आराम करा. ह्या भिंतीला आम्हाला लॉकर बसवायचेत."

मला वाटलं आप्पा भडकणार. त्यांनी आधी चहा संपवला. मग म्हणाले, "सोळा नोव्हेंबरला स्प्रिंग रायफलची मॅच आहे ना? ज्याने जन्मात बंदूक धरली नाही असा माणूस मी उतरवतो. पहिल्या तिनांत आला तर खुर्ची राहील. नाही आला तर लॉकर आणा, मी पुसून देतो."

"माणूस कोण?" सेक्रेटरींनी हसत विचारलं.

आप्पांनी काठी उचलून माझ्याकडे रोखली.

मी कंपाउंडर आहे. एकवीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीमागे पुड्या बांधतेय, बाटल्या भरतेय. बंदूक फक्त गणवेशातल्या माणसाच्या खांद्यावर पाहिलेली. घरी येताना विचारलं, "आप्पा, मीच का?" ते म्हणाले, "तू औषध ओततेस तेव्हा थेंब सांडल्याचा आवाज मी कधी ऐकला नाही." काय पण कारण!

ह्यांना सांगितलं. हे बस डेपोत टाइमकीपर आहेत, त्यामुळे उशिरा हसतात, पण बराच वेळ हसतात. "तुझा मिठाचा नेम मला माहीत आहे," म्हणाले, "अठरा वर्षं खातोय."

१० सप्टेंबर, बुधवार

बंदुकीच्या दुकानदाराकडे एक रायफल सरावासाठी मागायला गेलो होतो. आप्पांनी त्याच्या वडिलांना शिकवलेलं, म्हणून त्याने एक नाही, दोन दिल्या. "दोन्ही वापरून बघा. मॅचनंतर एक ठेवा, एक परत करा." मी खूश होऊन म्हटलं, "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन!" आप्पा खो खो हसले. जरा जास्तच हसले. म्हाताऱ्या माणसांना कशाचं हसू येईल सांगता येत नाही.

दोन्ही रायफली सख्ख्या बहिणी वाटाव्यात इतक्या सारख्या. दोन्हींत नळी खाली वाकवायची म्हणजे आतली स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, हवा कोंडते आणि छर्रा निघतो. एकीचा दस्ता तांबूस लाकडाचा, दुसरीचा काळा. तांबडी तीन किलो शंभर ग्रॅम, काळी तीन किलो दोनशे. काळीची नळी दोन बोटं लांब. माहितीपत्रक आप्पांनी माझ्याकडूनच वाचून घेतलं. "तुझा आवाज स्वच्छ आहे," म्हणाले. चष्मा नाकावर असताना! पण मोठ्या माणसांचे लाड असतात, पुरवायचे.

मी तक्ता केला. अकरा बाबींपैकी सातांत तांबडी सरस. माझा निर्णय झाला: तांबडी ठेवायची, काळी तुलनेपुरती.

१४ सप्टेंबर, रविवार

पहिला दिवस, घराच्या मागच्या अंगणात. टेबलापाशी बसून, रायफल टेकवून, दहा मीटरवरच्या कार्डावर मारायचं. बसून मारायचं म्हटल्यावर मला ते सोपं वाटलं होतं. पाच छर्रे मारले, कार्डावर तीनच भोकं. उरलेले दोन कुठे गेले ते भिंतीला ठाऊक.

"घट्ट धरलीस," मागून आप्पा म्हणाले.

"मग सैल सोडू? पडेल की!"

"स्प्रिंगची बंदूक आधी मागे धक्का देते, मग पुढे. छर्रा बाहेर पडायच्या आत तिचं सगळं नाचून होतं. तिला नाचू दे. तळहात उघडा ठेव, त्यावर नुसती निजव. रोज त्याच जागी, तशीच."

माझा स्वभाव झाकण घट्ट लावण्याचा. एकवीस वर्षं घट्ट लावलेली झाकणं एका सकाळीत सैल कशी होणार? पण चौथ्या कार्डावर पाचही भोकं आली. आप्पांनी कार्ड मांडीवर घेतलं आणि अंगठा फिरवत बसले, नातवाच्या गालावरून फिरवावा तसा. "डावीकडे खाली जातेयस," म्हणाले. बरोबर होतं.

२० सप्टेंबर, शनिवार

छर्रे! हे प्रकरण माझ्या हातचं आहे.

दुकानदाराने चार डबे दिलेत. टोकदार, गोल डोक्याचे जड, चपट्या डोक्याचे हलके आणि चपट्या डोक्याचे मध्यम. मला टोकदार आवडले. टोक दिसलं की वाटतं, हा घुसणार! आप्पा म्हणाले, "तुला कुणाला भोसकायचंय का? कागदाला गोल भोक पाडायचंय. कागदाला चपटंच डोकं."

दवाखान्यातला जुना काटा घरी आणला. मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवतो. डब्यावर लिहिलंय पाचशे तीस. आत पाचशे बावीसपासून पाचशे एक्केचाळीसपर्यंत सगळी भावंडं. औषधात एवढा फरक असता तर मी पूर्ण खोका परत पाठवला असता. पाचशे एकोणतीस ते पाचशे एकतीस एवढेच बाटल्यांत भरले, चिठ्ठ्या लावल्या.

आप्पांनी माझ्या निवडलेल्यांतून एकेक उचलून बोटांत फिरवला आणि बारा बाजूला काढले. "ह्यांचा मागचा घेर चेपलाय." भिंग घेऊन पाहिलं, अकरांचा खरंच चेपलेला. बारावा मला ठीक वाटला, त्यांना नाही. त्याच हाताने चहाचा कप उचलायला निघाले तेव्हा मी ओरडले, "आप्पा, शिसं आहे ते! आधी हात धुवा!" मुकाट्याने उठले, सहा पावलं चालले, वळले, नळ सोडला. शिस्तीचा माणूस.

२३ सप्टेंबर, मंगळवार

तांबडीची नळी आज आतून स्पिरिटने साफ केली. काडीला कापूस गुंडाळून फिरवला तर काळा कुळकुळीत निघाला. शी! आता रोज संध्याकाळी हा नेम. काळी परत जाणार आहे, तिच्यावर माझं स्पिरिट कशाला घालवू?

आप्पा खोलीत येताच नाक मुरडून म्हणाले, "दवाखान्याचा वास येतोय. बंदुकीला आंघोळ आवडत नाही बरं."

टाईपरायटरवाल्यांना तेल-काजळीची सवय. स्वच्छतेचं त्यांना काय?

२८ सप्टेंबर, रविवार

कमाल आहे. तक्त्यात हरलेली काळी चांगली मारते आणि माझी तांबडी सकाळी वेड्यासारखी. पहिले वीस-पंचवीस छर्रे चारी दिशांना. मग कुठे जरा शुद्धीवर येते, तोवर दवाखान्याची वेळ होते. छर्रे बदलले, दस्त्याचे स्क्रू आवळले, डोळे तपासून घेतले. हे म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." आज जेवणात मीठ कमी पडलं असेल तर तो योगायोग समजावा.

५ ऑक्टोबर, रविवार

क्लबची महिन्याची चाचणी. चौदा जणांत मी अकरावी.

पहिला नेहमीप्रमाणे दंतवैद्य. तीन वर्षं तोच पहिला आहे. बोटं लांबसडक, आवाज न करता काम. जाताना मला म्हणाला, "काळजी करू नका, दहा आठवड्यांत कुणी शिकत नाही." चांगल्या मनाने म्हणाला, त्याचाच राग आला. सेक्रेटरी भिंतीपाशी फूटपट्टी घेऊन उभे होते. लॉकरची मापं.

परतताना आप्पांनी माझा दंड धरला होता, हल्ली रस्त्यात धरतात. मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही दुसरं कुणी निवडायला हवं होतं." ते म्हणाले, "तू रोज तिला न्हाऊ घालतेस तोवर कुणीही निवडलं तरी हेच." मला वाटलं, भ्रमिष्टासारखं बोलतायत. मला रडू आलं. घरी येऊन पुन्हा तांबडी साफ केली, दोनदा.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

बारा दिवस वही उघडली नाही. तापाची साथ आलीय. खिडकीपुढची रांग फाटकापर्यंत. सकाळी कसेबसे वीस छर्रे मारते आणि कार्डही न बघता पळते. साफसफाई वगैरे सगळं बंद. तांबडीकडे बघायला तोंड नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

तांबडीने आज पहिल्या छर्ऱ्यापासून मधलं काळं वर्तुळ सोडलं नाही! पहिल्या! पाचांना सत्तेचाळीस गुण. मी उठून उभी राहिले, पुन्हा बसले, पुन्हा पाच मारले. सेहेचाळीस.

"आप्पा, काय केलंत तुम्ही हिला?"

"मी काही नाही. तू बारा दिवस काही केलं नाहीस, तेच केलंस."

मग त्यांनी समजावलं. छर्ऱ्याचं शिसं नळीला आतून पातळसं लागतं, त्यावरून पुढचे छर्रे एकसारखे घसरतात. ते पुसलं की नळी पुन्हा कोरी. वीस-पंचवीस छर्रे खर्ची पडले की मग ती स्थिर होते. रोज संध्याकाळी मी ते पुसत होते. आणि काळीकडे लक्षच दिलं नाही, म्हणून ती सुखात होती. म्हणजे माझी सगळी तुलनाच वाया. एकीला उपाशी ठेवून दोघींची ताकद मोजत होते!

"स्पष्ट का नाही सांगितलंत?"

"दोनदा सांगितलं. तू ऐकून पुसत होतीस."

खरं आहे. मी हसले, इतकी की हे डेपोचा गणवेश अर्धा घालून बघायला आले.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आठवडाभर नीट तुलना केली. दोन्ही न्हाऊ न घातलेल्या, तेच डबे, तोच हात. मी गुण लिहीत होते, आप्पा डोळे मिटून ऐकत होते.

हलक्या छर्ऱ्यांना स्प्रिंग 'टण्ण' करते. दट्ट्याला अडवायला पुढे काही नसतं, तो आपटतो. जड गोलाला आधी घुमते, मग कुरकुरते. काळी सगळ्याच छर्ऱ्यांना जास्त आवाज करते. "उथळ पाण्याला खळखळाट फार," आप्पा म्हणाले. तिच्या नळीच्या तोंडात माझा छर्रा नुसता सोडला तरी पडतो, इतका सैल. तांबडीत अंगठ्याने किंचित दाबावं लागतं, बाटलीत चांगलं बूच बसावं तसं. मध्यम चपटा छर्रा, पाचशे तीस मिलिग्रॅम, आणि तांबडी: 'ठप्प'. बस्स, तेवढाच.

माझ्या तक्त्यात पहिली तीच आली. आप्पांच्या कानातही तीच. दोघांनी एकाच वेळी "तांबडी" म्हटलं.

२ नोव्हेंबर, रविवार

चाचणीत चौथी! तिसऱ्यापेक्षा एका गुणाने मागे. एका कार्डावर एकोणपन्नास आले. सेक्रेटरींनी त्याची झेरॉक्स काढून फलकावर लावली आणि एक प्रत मला दिली. तोंड मात्र चुकीच्या गोळीची चव लागल्यासारखं. आप्पा आज सर्दीमुळे घरीच होते. उद्या दाखवेन, आज लवकर झोपलेत.

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी चहाबरोबर झेरॉक्स त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "बघा, तुमच्या सुनेचा पराक्रम."

त्यांनी अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. कागद उलटा करून पुन्हा.

"कोरा कागद काय दाखवतेस सकाळी सकाळी?" म्हणाले.

त्या कागदावर पाच ठिपके होते, काळे, चांगले वाटाण्याएवढे. पण छापलेले. भोकं नव्हती.

मी दवाखान्यात गेले आणि खिडकीतून सात जणांना डोळ्यांचे थेंब दिले. प्रत्येकाला सांगितलं, "वेळेवर घाला, हयगय करू नका." एकवीस वर्षं हे सांगणारी बाई घरात काय बघत होती? वाचून घेतलेलं माहितीपत्रक, मोजलेली सहा पावलं, रस्त्यात धरलेला दंड. आणि त्यांच्यासमोर मी म्हणालेली ती म्हण! औषधांच्या कपाटामागे जाऊन रडले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सरावाला मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "आप्पा, पहिला छर्रा घड्याळात दोनच्या जागी, वर्तुळ नववं."

ते म्हणाले, "कळलं वाटतं तुला."

"हो."

"किती दिवस झाले?"

"कालच."

"उशीरच केलास. सोळा तारखेपर्यंत सेक्रेटरीजवळ बोलू नकोस. त्याला कीव आली तर खुर्ची कीव म्हणून मिळेल. मला ती तशी नकोय."

डोळ्यांच्या डॉक्टरची एक अट मी घातली. शुक्रवारी जायचं कबूल केलंय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गेलेली नजर परत येणार नाही. उरलेला उजेड राखता येईल. थेंब दिवसातून दोनदा. चिठ्ठी मी लावली, घालणारही मीच. ह्यांना सांगितलं. हे उठले आणि दारातली चपलांची रांग भिंतीला सरकवून ठेवली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

झोप लागणार नाही असं दिसतंय. उद्या हरले तर? मला काय, मी परत खिडकीमागे. पण आप्पा रविवारी सकाळी कुठे जाणार? घरात कोणता आवाज ऐकणार, कुकरचा?

पाचशे तीसचे पन्नास छर्रे वेगळे काढलेत. आप्पांनी प्रत्येक बोटांतून काढला. तो बारावा छर्रा, मला ठीक वाटलेला, आज भिंगाखाली पुन्हा पाहिला. घेराला केसाएवढी चीर होती.

नळी पुसलेली नाही. हात दोनदा स्पिरिटच्या बाटलीकडे गेला. हे बाटली घेऊन डेपोत निघून गेले.

१६ नोव्हेंबर, रविवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर अक्षर उड्या मारेल.

चार कार्डं, प्रत्येकी पाच छर्रे. आप्पा खुर्चीत, काठी गुडघ्यांमध्ये. पहिलं कार्ड सत्तेचाळीस. दुसरं अठ्ठेचाळीस. तिसऱ्याला कुणीतरी दार आपटलं, माझा तळहात आपोआप मिटला आणि एक छर्रा सातवर गेला, तरी सेहेचाळीस. एकूण एकशे एक्केचाळीस. दंतवैद्य एकशे त्रेचाळीसवर. बाकीचे मागे होते. पहिल्या तिनांत मी होतेच, सांभाळून मारलं असतं तरी खुर्ची वाचली असती.

चौथ्या कार्डाआधी पाच मिनिटं मिळाली. मी आप्पांपाशी गेले. "घट्ट धरलीस मघाशी," ते म्हणाले.

"दार आपटलं."

"दाराला आपटू दे. तू रोज औषध ओततेस तशी ओत."

बसले. तळहात उघडला, तांबडी त्यावर निजवली. ठप्प. नळी वाकवली, छर्रा, अंगठा. ठप्प. तिसरा. चौथा. टेबलावरच्या दुर्बिणीतून कार्ड बघायचं नाही असं ठरवलं होतं. पाचवा मारून मी रायफल खाली ठेवली.

कार्डं मोजणीच्या टेबलावर आली. सेक्रेटरींनी माझं शेवटचं कार्ड उचललं, उजेडाकडे धरलं, भोकात मापाची काडी घातली आणि दंतवैद्याकडे दिलं. दंतवैद्याने ते दाताचा एक्स-रे बघावा तसं निरखलं आणि माझ्या हातात ठेवलं. "बाई, मी अठ्ठेचाळीस मारलेत," म्हणाला, "आणि मी हरलोय." त्याचे एकशे एक्क्याण्णव. माझेही एकशे एक्क्याण्णव. बरोबरी झाली तर शेवटचं कार्ड बघतात.

माझं शेवटचं कार्ड पन्नास होतं. पन्नासपैकी.

मी ते आप्पांना नेऊन दिलं. हॉलमधले सगळे मागोमाग आले. त्यांनी अंगठा फिरवला. मधोमध थांबले. मग कार्डाच्या चारी कोपऱ्यांपर्यंत जाऊन आले, पुन्हा मधोमध. चेहरा पडला.

"एकच भोक आहे," हळू आवाजात म्हणाले. "बाकीचे चार कुठे गेले गं?"

सेक्रेटरींनी आप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे, आणि त्यांना सगळं कळलं. ते मला दिसलं. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"आप्पा," मी म्हटलं, "पाचही त्याच भोकातून गेले."

त्यांनी अंगठा पुन्हा ठेवला. कड चाचपली. एका छर्ऱ्याच्या मानाने ते भोक जरा मोठं होतं, एवढंच. मग आप्पा हसले.

"तरीच," म्हणाले. "मला पाचही सारखे ऐकू आले."

सेक्रेटरींनी खिशातली फूटपट्टी काढून टेबलावर ठेवली. "आप्पा, माझी रायफल दोन महिने झाले कुरकुर करतेय," ते म्हणाले. "जरा ऐकता का?"

"आण," आप्पा म्हणाले. "पण आधी सांग, रोज पुसतोस का?"